गेलेली श्रद्धा समजावून परत आणता येते का?

टोनी कॅम्पोलो हे अमेरिकेतले नावाजलेले बाप्टिस्ट प्रवचनकार. फिलाडेल्फियाजवळच्या ईस्टर्न युनिव्हर्सिटीत समाजशास्त्र शिकवायचे आणि उरलेला वेळ देशभर फिरून तरुणांपुढे बोलायचे. समोरच्यांना हसवता हसवता येशूच्या मागे यायला लावणं हा त्यांचा हातखंडा. मुलगा बार्टही त्याच वाटेने गेला. शहरांतल्या गरीब वस्त्यांमध्ये त्याने वर्षानुवर्षं ख्रिस्ती सेवाकार्य केलं. २०११ मध्ये सायकलवरून पडून त्याच्या डोक्याला जबर मार बसला. श्रद्धा त्याआधीपासूनच उसवत आली होती. या अपघातानंतर त्याने ते स्वतःशी मान्य केलं आणि मग आईवडिलांना सांगितलं की आपण आता देव मानत नाही. पुढे तो लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात मानवतावादी चॅप्लेन झाला, म्हणजे देव न मानणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सुखदुःखात त्यांच्यासोबत राहणारा माणूस.

बापलेकांनी अबोला धरला नाही. ते वर्षानुवर्षं बोलत राहिले, वाद घालत राहिले, आणि २०१७ मध्ये दोघांनी आपापली बाजू मांडणारं एक पुस्तकही मिळून काढलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये टोनी वारले. तोवर मुलगा परतला नव्हता आणि वडीलही ढळले नव्हते.

मन वळवण्यात टोनींइतका तयारीचा माणूस सापडणं कठीण, आणि बार्टइतका शांतपणे ऐकून घेणारा श्रोता तर त्याहून कठीण. तरी जमलं नाही. मग एकदा ख्रिस्ती श्रद्धा सोडलेल्या माणसाला समजावून परत आणता येतं का?

थोडक्यात सांगायचं तर लोक परत येतात, पण समजावून आणले गेलेले त्यांत फार थोडे. आणि कोण येईल, कोण नाही, हे समजावणाऱ्याच्या कसबापेक्षा तो माणूस मुळात कशामुळे गेला यावर जास्त अवलंबून असतं. ‘माजी ख्रिस्ती’ म्हणून आपण ज्यांना एका टोपलीत टाकतो, ते एका कारणाने गेलेले नसतातच.

जर्मनीचा हिशेब

किती गेले आणि किती परतले हे जवळजवळ कुठेच नीट मोजलं जात नाही. जर्मनीत मोजलं जातं, कारण तिथे प्रश्न पैशांचा आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचा नोंदणीकृत सभासद असलात तर तुमच्या आयकरावर आणखी ८ टक्के (बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत) किंवा ९ टक्के (इतरत्र) चर्चकर लागतो, आणि तो सरकारच गोळा करून चर्चला देतं. हे टक्के उत्पन्नाचे नव्हेत, आयकराचे. दहा हजार युरो आयकर भरणाऱ्याला वर्षाला आठ-नऊशे युरो चर्चकर पडतो. नको असेल तर जवळच्या दिवाणी न्यायालयात किंवा जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या कार्यालयात जायचं, ओळखपत्र दाखवायचं आणि सही करून बाहेर पडायचं. फादरांना भेटावंही लागत नाही.

अशा सह्या करून २०२२ मध्ये ५,२२,८२१ जण कॅथलिक चर्चमधून बाहेर पडले. तो उच्चांक होता. २०२३ मध्ये ४,०२,६९४ आणि २०२४ मध्ये ३,२१,६११ जण गेले. २०२३ मध्ये परत घेतले गेले ४,१२७ आणि २०२४ मध्ये ४,७४३. म्हणजे शंभर जण बाहेर पडत असताना आत परत येतात एक-दीड.

हे आकडे वाचून हुरळायचंही कारण नाही आणि हबकायचंही नाही, कारण गेलेल्यांत काही जण निव्वळ करामुळे गेलेले असतात. पहिला बरा पगार हातात येतो, पावतीवर कपातीची ती ओळ दिसते, आणि ज्या चर्चमध्ये आपण पाच वर्षांत पाऊल टाकलं नाही त्याला हे पैसे का द्यायचे असा प्रश्न पडतो. अशा माणसाची श्रद्धा गेलेली असेलच असं नाही. तो घरी प्रार्थना करतही असेल. पण २०१२ मध्ये जर्मन बिशपांनी हुकूम काढला की असं नाव काढणाऱ्याला पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद हे संस्कार मिळणार नाहीत आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला कुणाचा धर्मपिता होता येणार नाही. ज्याचा देवाशी काहीच वाद नव्हता तोही त्यामुळे संस्कारांना मुकला.

दुसरे काही जण संतापून गेले. २०१८ मध्ये बिशपांनीच करवून घेतलेल्या एका अभ्यासात १९४६ ते २०१४ या काळातल्या १,६७० धर्मगुरूंवर आणि इतर सेवकांवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप असल्याचं कागदोपत्री दिसलं. त्यात ३,६७७ मुलं बळी पडली होती. हे फक्त कागदावर उरलेलं. ही बातमी वाचून सही करायला गेलेल्या आणि पगाराची पावती बघून गेलेल्या माणसाची नोंद एकाच आकड्यात होते. त्या दोघांना परत आणायचा उपाय मात्र एक असू शकत नाही.

नुसते लांब गेलेले

अमेरिकेत चर्चकर नाही, त्यामुळे तिथे सर्वेक्षणांवर भागवावं लागतं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३-२४ च्या मोठ्या पाहणीत अमेरिकेतले ६२ टक्के प्रौढ स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात असं आढळलं. २००७ मध्ये हाच आकडा ७८ होता. बाहेरून ख्रिस्ती होणारा एक, तर लहानपणीचा ख्रिस्ती धर्म सोडणारे सहा असं तिथलं प्रमाण आहे. गेल्या काही वर्षांत ही घसरण बरीच थांबली आहे, पण त्याचं श्रेय परत येणाऱ्यांच्या लोंढ्याला द्यावं असा पुरावा या आकड्यांत नाही.

याच संस्थेची २००९ ची एक जुनी पाहणी आपल्या प्रश्नाला जास्त जवळची आहे. तीत नऊ टक्के अमेरिकन असे निघाले की त्यांनी कधीतरी धर्म किंवा पंथ बदलला होता आणि नंतर ते लहानपणीच्या धर्मात परतले होते. अकरात एक म्हणा. ४४ टक्के गेलेले होते आणि परतले नव्हते. आणि कॅथलिक म्हणून वाढून पुढे कुठलाच धर्म न मानणाऱ्यांना कारण विचारलं, तेव्हा ७१ टक्क्यांनी सांगितलं की आपण हळूहळू लांब होत गेलो.

या ‘हळूहळू’ला चेहरा नसतो म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. शाळा संपते, कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात जाणं होतं, तिथे रविवारी सकाळी उठवायला कुणी नसतं. एक मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची रविवारची उपासना, चुकते, मग महिना जातो. कधीतरी कुणीतरी विचारतं, तू ख्रिस्ती ना? आणि उत्तर द्यायला जीभ जरा अडखळते. यात बंड नाही, वादविवाद नाही, अपमानही नाही. जे लोक पुढे खरोखर परत येतात त्यांत अशांचा भरणा मोठा असणार हे सहज पटण्यासारखं आहे, कारण त्यांना परतताना काहीच मागे घ्यावं लागत नाही. लग्न होतं, मूल होतं, त्याला बाप्तिस्मा द्यायचा की नाही हा प्रश्न घरात उभा राहतो. किंवा आई जाते आणि दफनविधीत वीस वर्षांनी ती गाणी कानांवर पडतात. शब्द पाठ असतात.

अमेरिकेत ‘कॅथलिक्स कम होम’ नावाची संस्था टीव्हीवर जाहिराती देते त्या याच मंडळींसाठी. जाहिरातीने कुणाचं तत्त्वज्ञान बदलत नाही. पण ज्याला नुसतं निमित्त हवं आहे त्याला ते मिळतं. शेजारणीने ‘नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला येतेस का, गाडीत जागा आहे’ एवढं म्हटलं तरी मिळतं, आणि माझ्या मते त्या गाडीचा उपयोग जाहिरातीपेक्षा जास्त होत असावा.

विचार करून गेलेले

आता अवघड प्रकार. ज्याने वाचलं, प्रश्न विचारले, उत्तरं पटली नाहीत आणि म्हणून सोडलं.

चार्ल्स टेम्पल्टन हे नाव आपल्याकडे फारसं माहीत नाही. १९४० च्या दशकात टोरांटोचा हा तरुण ख्रिस्ती प्रचारक पुढे जगभर गाजलेल्या अमेरिकन प्रवचनकार बिली ग्रॅहमचा जिवलग मित्र होता. दोघे १९४६ मध्ये सोबत युरोपचा दौरा करून आले. दोघांत जास्त प्रभावी कोण असं विचारलं असतं तर तेव्हा अनेकांनी टेम्पल्टनचं नाव घेतलं असतं. पण त्यांना शंका छळत होत्या म्हणून १९४८ मध्ये ते प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयात शिकायला गेले. ग्रॅहमशी त्यांचे वाद झाले. बायबलची सृष्टीकथा शब्दशः कशी मानायची, असे. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या एका शिबिरात ग्रॅहम रात्री एकटेच झाडीत गेले आणि त्यांनी ठरवलं की सगळ्या प्रश्नांची उत्तरं नसली तरी बायबल श्रद्धेने स्वीकारायचं. काही आठवड्यांनी लॉस एंजेलिसच्या तंबूतल्या सभांनी ते देशभर गाजले. टेम्पल्टन उलट्या बाजूला सरकत गेले, १९५७ मध्ये त्यांनी आपण अज्ञेयवादी असल्याचं जाहीर केलं आणि कॅनडात परतून पत्रकारिता केली.

चाळीसेक वर्षांनी, म्हातारपणी, एका ख्रिस्ती लेखकाने त्यांची मुलाखत घेतली. आपली श्रद्धा ढासळण्याचं एक कारण म्हणून त्यांनी एका मासिकातल्या छायाचित्राचा उल्लेख केला: आफ्रिकेतल्या दुष्काळात मेलेलं बाळ हातात धरून आकाशाकडे बघणारी बाई. हवा होता फक्त पाऊस, ते म्हणाले. मग बोलता बोलता येशूचा विषय निघाला आणि ते अगदी मायेने बोलायला लागले. येशूची आठवण येते असं सांगताना त्यांना रडू कोसळलं. तरीही ते परतले नाहीत. २००१ मध्ये ते वारले.

मला टेम्पल्टन या सगळ्या विषयात सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. परत यायची ओढ होती, दाराशी जुने मित्र होते, कुणाविषयी कडवटपणा नव्हता. फक्त विश्वास बसत नव्हता, आणि विश्वास ठरवून बसवता येत नाही. आत्ता बाहेर पाऊस पडतोय असं मानायचे कुणी लाख रुपये दिले तरी खिडकीबाहेर कोरडं ऊन दिसत असताना तुम्हाला ते मानता येणार नाही. फार तर मानल्याचं नाटक करता येईल. फ्रेंच गणिती पास्कलला सतराव्या शतकातच हे कळलं होतं. विश्वास ठेवावासा वाटतो पण बसत नाही असं म्हणणाऱ्याला त्याने आणखी पुरावे वाचायला सांगितलं नाही. विश्वास असल्यासारखं वागायला लाग, मिस्सा सांगव, पवित्र पाणी घे, असं सुचवलं. हा सल्ला काहींना लागू पडतो. प्रामाणिकपणाचा ज्यांना अट्टहास असतो त्यांना तो फसवणुकीसारखा वाटतो.

दुसरी अडचण अशी की समजावणारा बहुतेक वेळा समोरच्याला कमी लेखतो. याला नीट सांगितलंच गेलं नसेल, असं तो गृहीत धरतो. प्यूने २०१० मध्ये अमेरिकेत धर्मविषयक सामान्यज्ञानाची ३२ प्रश्नांची चाचणी घेतली. सरासरी १६ उत्तरं बरोबर आली. नास्तिक आणि अज्ञेयवादी सगळ्यांच्या पुढे, सरासरी २०.९. (बायबल आणि ख्रिस्ती धर्मावरच्या प्रश्नांत मात्र मॉर्मन पंथाचे लोक आणि गोरे इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर भर देणारे प्रोटेस्टंट, सरस ठरले, हेही सांगायला हवं.) ज्याने रविवारची शाळा केली, वचनं पाठ केली, कदाचित स्वतः प्रवचनं दिली, त्याच्यापुढे योहान ३:१६ हे बायबलमधलं सगळ्यांना पाठ असलेलं वचन नव्याने ठेवण्यात काय हशील?

आणि दाबलं की माणूस मागे सरतो. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये याचा सिद्धांत मांडला: आपलं निवडीचं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं की नेमकी नाकारलेली गोष्टच हवीशी होते. घरोघरच्या आयांना हे सिद्धांताशिवाय माहीत असतं, तरी रविवारी सकाळी त्या विसरतात.

मग युक्तिवादाने कुणी परतलंच नाही का? परतले. नार्नियाच्या गोष्टी लिहिणारे सी. एस. लुईस हे सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण, आणि लोक ते चुकीच्या कारणासाठी सांगतात. १८९८ मध्ये बेलफास्टच्या प्रोटेस्टंट घरात जन्म, नऊ वर्षांचे असताना आई कर्करोगाने गेली, किशोरवयात श्रद्धा सोडली. पहिल्या महायुद्धात जखमी झाले, मग ऑक्सफर्डला शिकवू लागले. तिथे १९२६ मध्ये टॉल्किन यांची, म्हणजे पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या प्राध्यापकांची, ओळख झाली. टॉल्किन कट्टर कॅथलिक, पण दोघांना जोडलं ते उत्तर युरोपच्या जुन्या पुराणकथांच्या वेडाने. १९२९ च्या सुमारास लुईस नाइलाजाने, स्वतःच्या शब्दांत अत्यंत खिन्नपणे, देव आहे एवढ्यापर्यंत आले. ख्रिस्त अजून लांब होता.

१९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मॉडलिन कॉलेजच्या आवारातल्या नदीकाठच्या वाटेवर लुईस, टॉल्किन आणि त्यांचा मित्र ह्यूगो डायसन पहाटेपर्यंत बोलत राहिले. मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या कथा तुला आवडतात, भावतात. ख्रिस्ताचीही तशीच कथा आहे, फक्त ती खरोखर घडली, असा टॉल्किनचा रोख होता. नऊ दिवसांनी, २८ सप्टेंबरला, भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून लुईस व्हिप्सनेडचं प्राणिसंग्रहालय बघायला निघाले. निघताना येशू देवाचा पुत्र आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता, पोचले तेव्हा होता. वाटेत आपण फार विचार केला असंही नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

म्हणजे युक्तिवादाचा वाटा होता. पण तो करणारा पाच वर्षांचा मित्र होता, मुद्दा लुईसच्या आवडीच्या मातीतूनच उचललेला होता, आणि शेवटचं पाऊल मित्र जवळ नसताना पडलं. शिवाय टॉल्किनना हवं होतं तिथे लुईस गेलेच नाहीत. ते कॅथलिक न होता चर्च ऑफ इंग्लंडमध्ये राहिले. परत येणारा माणूस समजावणाऱ्याच्या पसंतीच्या खुर्चीवर येऊन बसेल असं नसतं.

दुखावून गेलेले

इथे मला थोडक्यातच लिहायचं आहे, कारण इथे समजावणं हा शब्दच गैरलागू आहे. आयर्लंडमध्ये २०११ च्या जनगणनेत ८४ टक्के लोक कॅथलिक होते, २०२२ मध्ये ६९. मधल्या काळात तिथली जनता २००९ च्या दोन सरकारी चौकशी अहवालांचे परिणाम पचवत होती. चर्चच्या वसतिगृहांत मुलांना काय भोगावं लागलं आणि डब्लिनच्या बिशपांनी तक्रारी कशा दाबल्या, हे त्यांत होतं. ज्याच्या घरात हे घडलं त्याला देवाच्या अस्तित्वाचे पुरावे ऐकवणं हा उद्धटपणा आहे. त्याला आधी कबुली हवी असते, मग भरपाई आणि शिक्षा. त्यानंतरही तो आला नाही तर तक्रार करायचा अधिकार संस्थेला राहत नाही.

दार कुणाच्या हातात?

आतापर्यंत आपण गेलेल्याकडे बघितलं. ख्रिस्ती इतिहासात मात्र बराच काळ प्रश्न उलटा होता: परत यायला तयार असलेल्याला घ्यायचं का?

इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेशियसने फर्मान काढलं की सगळ्यांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत अशा दाखल्यांचे पपायरस सापडले आहेत. मजकूर ठरलेला: मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आता तुमच्यासमोर आज्ञेप्रमाणे अर्घ्य दिलं, बळी दिला, प्रसाद चाखला, तरी तसं प्रमाणपत्र मिळावं. खाली सही. अनेक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी दिले, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. पुढच्या वर्षी डेशियस लढाईत मेला आणि हे सगळे लोक चर्चच्या दाराशी हजर झाले. त्यांची समजूत घालायची गरजच नव्हती. रोममध्ये नोव्हाशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, असल्या पापाची क्षमा करायचा चर्चला अधिकारच नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, प्रायश्चित्त घेऊन परत घ्या. सिप्रियनची बाजू टिकली, पण सवलत फार नव्हती. ३२५ मध्ये बिशपांच्या निकाया परिषदेने पुढच्या एका छळात सक्तीविना श्रद्धा सोडलेल्यांसाठी नियम केला: तीन वर्षं नुसतं ऐकणाऱ्यांमध्ये बसायचं, सात वर्षं साष्टांग घालून क्षमा मागायची, आणखी दोन वर्षं प्रार्थनेत सामील व्हायचं पण प्रभुभोजनाविना. एकूण बारा वर्षं.

हा वाद मराठी माणसाला ओळखीचा वाटावा. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांकडे राहून आला. कोर्टाने मुलाला बापाच्या ताब्यात दिलं. आता याला प्रायश्चित्त देऊन ब्राह्मण जातीत परत घ्यायचं का यावरून शहरात रण माजलं. घ्यावं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. धर्म वेगळा आणि दिशा उलटी, पण आत बसलेल्यांची कुरबूर तीच.

बायबलमध्ये दोन्ही सूर आहेत. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय की ज्यांना एकदा प्रकाश मिळाला आणि जे पतित झाले त्यांना पश्चात्तापाप्रत पुन्हा आणणं अशक्य आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे: वाटणीचे पैसे उडवून घरी परतलेल्या मुलाला बाप मेजवानी देतो. त्याच अध्यायात मेंढपाळ हरवलेलं मेंढरू शोधत रानात जातो आणि बाई दिवा लावून, घर झाडून हरवलेलं नाणं शोधते. मुलाच्या गोष्टीत बाप मात्र शोधायला जात नाही. मुलगा दूर असतानाच त्याला दिसतो आणि मग तो धावतो. मला जास्त रस घरीच राहिलेल्या थोरल्या भावात आहे. घरात वाजंत्री वाजत असताना तो बाहेर रुसून उभा असतो. परतणारे पुन्हा निघून जातात ते बहुधा याच्यामुळे.

वचनांच्या या ओढाताणीतून पंथ वेगळे झाले. सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकाच्या परंपरेत, विशेषतः १६१८-१९ च्या डॉर्ट परिषदेपासून, असं ठाम मानतात की देवाने खरोखर तारलेला माणूस कायमचा गळत नाही. मग जो गेला तो मुळात कधी आत नव्हताच. मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ, ते मानतात की माणूस खरोखर घसरू शकतो आणि परतूही शकतो. कॅथलिकांच्या मते बाप्तिस्म्याचा शिक्का पुसतच नाही. हे वाद कोरडे वाटतात, पण श्रद्धा सोडलेल्यांना विचारा, कुठल्या वाक्याने सर्वांत चीड येते? ‘तू कधी खरा ख्रिस्ती नव्हतासच.’ वीस वर्षं गुडघे टेकून केलेल्या प्रार्थना एका वाक्यात खोट्या ठरतात. ज्याला परत बोलवायचं आहे त्याच्याशी बोलायची यापेक्षा वाईट सुरुवात मला सुचत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. भारतात जर्मनीसारखी नाव काढायची सोय नाही आणि गरजही नाही. वसईत किंवा गोव्यात ज्याचा विश्वास उरलेला नाही तोही चुलत भावाच्या लग्नाच्या मिस्सेला उभा असतो, फेस्ताला घरी असतो. त्याला कुणी ‘माजी’ म्हणत नाही आणि तोही म्हणवून घेत नाही. दुसऱ्या टोकाला, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाहीत. शीख आणि बौद्धांना त्या नंतर मिळाल्या, ख्रिस्ती आणि मुसलमानांना नाहीत. त्यामुळे कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये, असं जगणारी माणसं आहेत. कागदावरून त्यांना माजी ठरवणं चूक आणि त्यांना परत आणायला जाणं तर हास्यास्पद.

मग एखाद्या श्रद्धावान आईने काय करावं? तिचा मुलगा पुण्यात आयटीत आहे आणि चर्चचं नाव काढलं की फोन ठेवतो. मला वाटतं तिने आधी त्याला एकदा विचारावं की तू का सोडलंस, आणि उत्तर मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकावं, मनात खंडन न रचता. हे फार थोड्या घरांत घडतं. त्याच्यासाठी प्रार्थना करते हे तिने लपवू नये, पण प्रत्येक फोनच्या शेवटी सांगूही नये. मुलगा तिच्यासाठी मोहीम झाला की त्याला ते लगेच कळतं. कॅम्पोलोंच्या घरात बोलणं चालू राहिलं ते वडिलांनी मुलाला पराभव मानलं नाही म्हणून. श्रद्धा परतली नाही, मुलगा मात्र घरात येत-जात राहिला. टोनींना एवढंच पुरेसं वाटलं असेल असं मी म्हणणार नाही. मुलाला तारण मिळावं ही त्यांची इच्छा खरी होती.

आणि ज्याला परत यायचंच आहे त्याला करावं काय लागतं? फारसं काही नाही. बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. नुसत्या लांब गेलेल्या कॅथलिक माणसाने पापनिवेदन करायचं, ज्याला गोव्यात कुमसार म्हणतात. शेवटचं कधी केलं ते सुरुवातीला सांगायचं. ‘तीस वर्षं झाली’ हे उत्तर फादरांना नवं नसतं. जर्मनीत नाव काढलेल्याला धर्मगुरूला भेटून अर्ज करावा लागतो आणि बिशपची परवानगी लागते. प्रोटेस्टंटांनी तर मोठ्या शहरांत यासाठी खास कार्यालयंच उघडली आहेत. जावं, कुणा पाळकाशी बोलावं, अर्जावर सही करावी. का गेला होतात हे तिथे विचारतात, पण हटकत नाहीत. सही झाली की नोंद सरकारकडे जाते आणि पगाराच्या पावतीवर चर्चकराची ओळ पुन्हा दिसू लागते.